डॉक्टर लेक परदेशी निघाली की आपण काय विचारतो?



क्षमावणीच्या दिवशी आम्ही सगळे ठाण्याला आक्काकडे जमलो होतो. सकाळी मंदिरात एकमेकांना उत्तम क्षमा म्हणून झालं, दुपारची जेवणं आटोपली, आणि तीनच्या सुमाराला, मोरीत भांडी तशीच पडलेली असताना, भाचीने विषय काढला. "मावशी, तू पण बस. आज मला सगळ्यांसमोर बोलायचंय."

माझी भाची एमबीबीएस आहे. सरकारी महाविद्यालयातून शिकली. साडेचार वर्षांचा अभ्यास, एक वर्ष इंटर्नशिप आणि वर बंधपत्राचं एक वर्ष. हे शेवटचं वर्ष तिने मुरबाडच्या पलीकडल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात काढलं. आता तिला बालरोगतज्ज्ञ व्हायचं आहे, आणि त्यासाठी परदेशात प्रयत्न करायचा आहे.

तिने एवढं सांगितलं आणि खोलीत प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली. आक्काच्या सासूबाई म्हणाल्या, "अगं पण तिथे खाणार काय?" मामा म्हणाला, "इथे काय कॉलेजं संपली का?" आत्याने विचारलं, "एकटी राहणार?" कुणीतरी म्हणालं, "सव्वीस पूर्ण झाली, स्थळं येतायत, ती काय पाच वर्षं थांबणार आहेत?" दाजी बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "गेलेली मुलं परत येतात का?" आणि शेवटी सासूबाईच पुन्हा म्हणाल्या, "आपल्या घरात आजवर कोण गेलंय?"

भाचीच्या हातात एक वही होती. त्यात तिने वर्षभर जमवलेली माहिती होती, कुठली परीक्षा, किती खर्च, किती वर्षं. ती वही शेवटपर्यंत कुणी उघडायला सांगितली नाही. मीसुद्धा नाही. उलट मी म्हटलं, "आधी निदान साखरपुडा उरकून घेऊ या, मग जा." ती माझ्याकडे बघत राहिली. तिला वाटलं होतं, मावशी तरी आपल्या बाजूने बोलेल.

संध्याकाळी परतताना कल्याण लोकल मिळाली. मला डोंबिवलीला उतरायचं होतं. खिडकीशी बसले आणि डब्यात पुढच्या स्टेशनांची नावं पुकारली जात होती, तेव्हा डोक्यात लख्खकन आलं. हे सगळे प्रश्न आधी कुठेतरी वाचलेले आहेत. कल्याणच्याच एका मुलीला विचारलेले.

मी डॉ. आनंदीबाई जोशींबद्दल बोलतेय. आपल्यातल्या बहुतेकींनी २०१९ चा 'आनंदी गोपाळ' सिनेमा पाहिला असेल. कल्याणच्या जोशांच्या घरातली यमुना, नवव्या वर्षी लग्न झालेली, टपाल खात्यातल्या गोपाळरावांची आनंदी. चौदाव्या वर्षी मूल झालं आणि दहा दिवसांत गेलं. डॉक्टर व्हायचं तिने तिथून मनावर घेतलं. अमेरिकेला निघायच्या आधी, २४ फेब्रुवारी १८८३ ला, कोलकात्याजवळच्या सेरामपूरला तिने लोकांसमोर इंग्रजीत भाषण केलं. तेव्हा ती अठरा वर्षांचीही नव्हती. त्या भाषणात तिने लोक आपल्याला जे प्रश्न विचारतात ते एकेक करून मांडले आणि उत्तरं दिली. सहा प्रश्न होते. मी अमेरिकेला का जाते? हिंदुस्थानात शिकायची सोय नाही का? एकटी का जाते? परत आल्यावर जातीबाहेर टाकणार नाहीत का? काही विपरीत घडलं तर काय करशील? आणि जे आजवर आपल्यातल्या कुठल्याच बाईने केलं नाही ते तू का करतेस?

घरी येऊन पुस्तक काढून पुन्हा वाचलं आणि मला माझीच लाज वाटली. एकशे चाळीस वर्षं उलटली. आक्काच्या हॉलमध्ये प्रश्न जवळपास तेच होते. "जातीबाहेर" याच्या जागी "स्थळं" आलं, एवढाच फरक.

आता माझं म्हणणं सरळ सांगते. मुलीने परदेशी जावंच, असं मी म्हणत नाही. जाऊ नये, असंही नाही. माझं म्हणणं असं की निर्णय ज्या गोष्टींवर घ्यायला हवा, त्या आपण विचारतच नाही. खाणं आणि लग्न, या दोन खुंट्यांवर सगळी चर्चा टांगतो. आणि मुलगी बिचारी वही हातात धरून बसून राहते.

दुसऱ्या दिवशी मी भाचीला फोन केला. क्षमा मागितली, सकाळी म्हटलेली क्षमा होती तोंडदेखली, ही खरी होती. म्हटलं, शनिवारी डोंबिवलीला ये आणि वही घेऊन ये. ती आली. मी पोहे केले आणि आम्ही चार तास बसलो. त्यात मला जे कळलं ते तुम्हालाही सांगते, कारण आपल्या ओळखीत किमान दोन-चार घरांत तरी डॉक्टर मुलगी आहेच.

पहिली गोष्ट. आपण "डॉक्टरकी शिकायला परदेशात" म्हटलं की बारावीनंतर एमबीबीएससाठी जाणारी मुलं डोळ्यांसमोर आणतो. ती मुलं तिथे फी भरतात आणि परत आल्यावर इथली परीक्षा देतात. एमबीबीएस इथे करून पुढच्या शिक्षणासाठी जाणं ही वेगळीच गोष्ट आहे. अमेरिकेतली रेसिडेन्सी किंवा इंग्लंडमधलं प्रशिक्षण म्हणजे नोकरी असते, त्याचा पगार मिळतो. मामा त्या दिवशी "कोटभर रुपये लागतात" म्हणाला, ते या वाटेला लागू नाही. पैसे लागतात ते आधी. परीक्षांच्या फिया, प्रवास, व्हिसा, आणि निकालाची वाट बघत बिनपगारी काढलेले महिने. अमेरिकेच्या एकेका परीक्षेची फीच लाखाच्या घरात जाते. म्हणजे प्रश्न "फी कुठून आणायची" हा नसून "दोन वर्षं कमाईशिवाय कशी काढायची आणि एवढं करून जागा मिळाली नाही तर काय" हा आहे. तो आमच्या हॉलमध्ये कुणी विचारला नाही.

दुसरी गोष्ट, देशागणिक वाट वेगळी आहे. अमेरिकेसाठी आधी स्टेप वन. २०२२ पासून त्यात गुण देत नाहीत, फक्त उत्तीर्ण की अनुत्तीर्ण. त्यामुळे सगळा भार स्टेप टू सीके या परीक्षेवर आला. त्याशिवाय ओईटी ही डॉक्टरांसाठीची इंग्रजीची परीक्षा, मग ईसीएफएमजीचं प्रमाणपत्र. शक्य झालं तर तिथल्या रुग्णालयात काही आठवडे काम केल्याचा अनुभव. सप्टेंबरात अर्ज, हिवाळाभर मुलाखती आणि मार्चमध्ये 'मॅच', म्हणजे तुमची पसंती आणि रुग्णालयाची पसंती जुळवून लागणारा निकाल. जुळलं तर जुलैत कामाला सुरुवात. नाही जुळलं तर एक वर्ष गेलं. बालरोगासाठी तीन वर्षं, सर्जरीला पाच.

इंग्लंडसाठी इंग्रजीची परीक्षा आणि प्लॅबचे दोन भाग. दुसरा भाग मँचेस्टरलाच जाऊन द्यावा लागतो. तो झाला की जनरल मेडिकल कौन्सिलकडे नोंदणी. आणि इथेच पुष्कळांची फसगत होते. नोंदणी झाली म्हणजे नोकरी मिळाली असं नाही. अलीकडे तिथे एकेका जागेसाठी झुंबड आहे, आणि तिथल्याच महाविद्यालयांतून शिकलेल्यांना आधी जागा द्याव्यात याकडे सरकारचा कल वाढलाय. शिवाय एमआरसीपीसीएच ही बालरोगाची परीक्षा पास होणं वेगळं आणि विशेषज्ञ म्हणून पूर्ण प्रशिक्षण संपवणं वेगळं. भाचीची एक मैत्रीण प्लॅब होऊन घरी बसली आहे. भाचीने वहीत इंग्लंडसमोर लाल पेनने प्रश्नचिन्ह काढलंय.

जर्मनीचं पानही होतं. तिथे आधी भाषा. नुसतं बोलण्यापुरती नव्हे, रुग्णाशी आणि दुसऱ्या डॉक्टरशी जर्मनमध्ये बोलता-लिहिता येतं हे दाखवणारी वेगळी परीक्षा असते. ते एक-दीड वर्षाचं काम. म्हणून तिने ते मागे ठेवलं.

आणि तिसरी गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटली. परतीची वाट. अमेरिका, इंग्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या पाच देशांत मिळालेली, आणि त्या देशात विशेषज्ञ म्हणून मान्य असलेली पदव्युत्तर पात्रता आपल्याकडे मान्य धरण्याची तरतूद २००८ पासून आहे. बाकी देशांचं तसं नाही. आणि या पाच देशांतलंसुद्धा प्रत्येक प्रमाणपत्र चालत नाही. सहा महिन्यांची, वर्षाची 'फेलोशिप' म्हणजे एमडी नव्हे, एजंट काहीही सांगो. म्हणून कुठलाही पैसा भरण्याआधी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे त्या वेळचे नियम वाचायचे आणि शंका असेल तर लेखी विचारायचं. नियम बदलतात. शेजारणीच्या मुलाच्या वेळी चाललं म्हणून आपल्या वेळी चालेल असं नाही.

दाजींचा प्रश्न होता, "परत येतात का?" त्याचं उत्तरही वहीत होतं. अमेरिकेत रेसिडेन्सीसाठी बहुतेक परदेशी डॉक्टर जे-वन व्हिसावर जातात. त्याची अटच आहे की शिक्षण संपल्यावर दोन वर्षं मायदेशी परत जावं लागतं. ती अट माफ करून घेता येते, तिथल्या डॉक्टर कमी असलेल्या भागात तीन वर्षं काम करायचं कबूल केलं तर. पुष्कळजण ते करतात आणि तिथेच राहतात, हेही खरं. पण "गेली म्हणजे गेलीच" असं कायद्यातच लिहिलंय, असं समजून रडायचं कारण नाही.

आता खाण्याकडे येते, कारण आपल्या घरांत खरी गाडी तिथेच अडते.

आनंदीबाईंनी सेरामपूरच्या भाषणात जातीबाहेर टाकण्याच्या प्रश्नाला उत्तर देताना सांगितलं होतं की त्या आपले आचार, वेश, खाणं काहीही बदलणार नाहीत. आणि त्यांनी ते पाळलं. फिलाडेल्फियाच्या थंडीत लुगडं नेसून, शाकाहारी राहून त्या शिकल्या. ११ मार्च १८८६ ला पदवी मिळाली. पण त्यांच्या चरित्रांतून जे वाचायला मिळतं ते अंगावर येतं. खोलीतली शेकोटी नीट पेटायची नाही, धूर कोंडायचा. म्हणजे एक तर धूर सोसायचा नाहीतर गारठा. हातात वेळ नाही, धड जेवण नाही. तब्येत ढासळत गेली. क्षय झाला. क्षयाचा जंतू १८८२ मध्ये नुकताच सापडला होता, त्यावर औषध यायला अजून साठ वर्षं होती. म्हणून खाण्यामुळे त्या गेल्या असं मी म्हणणार नाही, ते खोटं ठरेल. पण एवढं मात्र म्हणेन की निघताना शेकडो लोकांनी त्यांना धर्माचं विचारलं. "तुझी खोली उबदार असेल का?" हे किती जणांनी विचारलं असेल?

त्या परत आल्या त्या आजारी होऊनच. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागात त्यांची नेमणूक झाली होती. माझं माहेर कोल्हापूरकडचं. आज त्याच रुग्णालयाला आम्ही सीपीआर म्हणतो. लहानपणी आईबरोबर कितीदा त्या दगडी इमारतीवरून गेले असेन. आनंदीबाई तिथे रुजू होऊच शकल्या नाहीत. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या, बावीसही पूर्ण नव्हती.

आपण आपल्या सोळाकारण भावना दरवर्षी म्हणतो. त्यात शक्तितस्त्याग आणि शक्तितस्तप असे शब्द आहेत. त्याग आणि तप शक्तीनुसार. मी हे शब्द तीस वर्षं म्हणतेय, पण त्यातल्या 'शक्तितः' वर थांबले कधी नव्हते. भाचीने मला एक हिशोब दाखवला. मँचेस्टरला डिसेंबरात सूर्य दुपारी चारच्या आधीच मावळतो. जूनमध्ये रात्री साडेनऊनंतर. रुग्णालयाची पाळी रात्री आठला संपते. मग हिवाळ्यात सूर्यास्ताआधी जेवायचं म्हणजे कधी? वॉर्डात उभ्या असताना?

"मावशी," ती म्हणाली, "मी मांस खाणार नाही, अंडं खाणार नाही, कंदमुळं इथेही खात नाही, तिथेही जमेल तोवर टाळेन. पण आजीने रोज रात्री फोन करून 'सूर्यास्ताआधी जेवलीस ना' विचारलं, तर मला रोज खोटं बोलावं लागेल."

हे ऐकून मला गप्प बसवेना. अहो, रात्रीभोजनाचा नियम राखायला मुलीला सत्याचा नियम मोडायला लावायचा, हा कुठला धर्म? नियम तिचा आहे. तिने तो आपल्या शक्तीने, आपल्या तोंडाने घ्यावा. चातुर्मासात घरी असेल तर पाळावा, वर्षाच्या काही तिथी पाळाव्यात, पाळीच्या दिवसांत सवलत ठेवावी, हे तिने ठरवायचं. आपण फोनवरून पहारा करायचा नाही. नुसता शाकाहार म्हणाल तर आज तो अवघड नाही. कुकर, डाळ-तांदूळ, मेतकूट, भाजणी, एवढ्यावर मुली वर्षं काढतात. लेस्टरला आपलं मोठं मंदिर आहे, अमेरिकेतही ठिकठिकाणी मंदिरं आणि समाज आहे. आजीने विचारायचंच असेल तर हे विचारावं: निघण्याआधी बी ट्वेल्व्ह आणि डी जीवनसत्त्वाची तपासणी केलीस का? शाकाहारी माणसात बी ट्वेल्व्ह कमी पडतं, आणि तिकडच्या हिवाळ्यात उन्हाअभावी डी. या दोन गोष्टी तपासून गोळ्या बरोबर देणं हे शंभर खाकऱ्यांच्या पाकिटांपेक्षा जास्त कामाचं आहे. खाकरे द्याच, पण गोळ्या आधी.

मग लग्न. मीच "साखरपुडा उरकू या" म्हटलं होतं, त्यामुळे इथे माझाच कान धरते. अमेरिकेत रेसिडेंट डॉक्टरच्या कामाला आठवड्याला ऐंशी तासांची मर्यादा घातलेली आहे. मर्यादा ऐंशी तासांची! ती पाळली तरी काय आयुष्य असेल ते बघा. अशा तीन वर्षांच्या उंबरठ्यावर मुलीचं लग्न उरकून, नवा संसार, नवी माणसं, नवरा तिकडे की इकडे, व्हिसा कुणाचा कुणावर, हे सगळं तिच्या गळ्यात घालून आपण "आता आम्ही निश्चिंत" म्हणायचं. निश्चिंत आपण झालो, ती कुठे? गेल्या वर्षी एका स्थळाकडून तिला निरोप आला होता, पुढचं शिक्षण लग्नानंतर आमच्या सोयीने. स्थळ चांगलं होतं, घरचे हळहळले. तिने नाही म्हटलं. आज मला वाटतं बरं झालं.

आणि लग्न केलं की मुलगी सुरक्षित, न केलं की वाऱ्यावर, हेही इतिहासाला धरून नाही. आनंदीबाईंना शिकवलं त्यांच्या नवऱ्याने, हे खरं. पण त्या शिकवण्यात माया किती आणि सक्ती किती, हे ज्यांनी चरित्रं वाचलीत त्यांना ठाऊक आहे. त्याच काळात मुंबईच्या रखमाबाई होत्या. लहानपणी लावलेलं लग्न त्यांनी मानलं नाही, खटला लढल्या, सगळा समाज अंगावर घेतला. मग कामा रुग्णालयातल्या डॉ. एडिथ पीची यांच्या प्रोत्साहनाने आणि लोकांच्या मदतीने लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात गेल्या, १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या. परत येऊन सुरत आणि राजकोटला पस्तीसेक वर्षं बायकांवर उपचार केले. नव्वदी गाठली, १९५५ मध्ये गेल्या. एकीला एकही वर्ष मिळालं नाही, दुसरीला पस्तीस मिळाली. नशीब, तब्येत, काळ, सगळं त्यात आलं. पण लग्नाची ढाल हे त्याचं कारण नव्हतं.

समुद्र ओलांडून जाण्याबद्दल आपल्या थोरल्यांना अजून काही वाटत असेल तर त्यांना टेंभी नाक्यावरच्या मुनिसुव्रत स्वामींच्या मंदिरात घेऊन जा. श्रीपाल राजाची कथा आपण आयंबिल ओळीत ऐकतोच. सासऱ्याच्या नावाने ओळखलं जाणं नको म्हणून स्वतःचं नाव कमवायला तो निघाला, जहाजातून गेला, कपटाने समुद्रात ढकलला गेला, आणि लागला कुठे, तर आपल्या ठाण्याच्या किनाऱ्याला. ज्या गावाची पुण्याई समुद्रातून आलेल्या माणसाशी जोडलेली आहे, त्या गावात बसून आपण मुलीला म्हणायचं, आपल्यात कोण गेलंय?

आता तिच्या बाजूचंही तेवढंच स्पष्ट सांगते. त्या शनिवारी मी तिलाही दोन प्रश्न विचारले. पहिला, "नीट पीजी का नाही?" ती चिडली नाही. म्हणाली, "एकदा दिली. दोन लाखांवर मुलं बसतात. मला मिळणाऱ्या रँकवर सरकारी बालरोगाची जागा येत नव्हती. खासगीतल्या व्यवस्थापन कोट्याची फी बाबांना सांगायचीही हिंमत नाही." म्हटलं, "मग परदेश हा तुझा पहिला विचार की हुकलेल्या रँकवरचा इलाज?" ती बराच वेळ पोह्यांतले शेंगदाणे बाजूला काढत बसली. मग म्हणाली, "दोन्ही आहे." मला ते उत्तर आवडलं, कारण ते खरं होतं. मग आम्ही ठरवलं की स्टेप वनचा अभ्यास सुरू ठेवताना नीट पीजी आणखी एकदा द्यायची. दोन्हींचा अभ्यासक्रम पुष्कळसा एकच आहे. एका वाटेवर सगळं आयुष्य पणाला लावायचं नाही. आणि दोन वर्षांची मुदत घालायची. तेवढ्यात जागा मिळाली नाही तर इथे जी शाखा मिळेल तिचा विचार करायचा. आपल्याकडे परिग्रहाला परिमाण असतं, तसं प्रयत्नालाही असावं.

दुसरा प्रश्न, "बालरोगच का?" तेव्हा तिने मुरबाडकडचं सांगितलं. पावसाळ्यातली रात्र, तीन महिन्यांचं बाळ, श्वास लागलेला. प्राथमिक केंद्रात बालरोगतज्ज्ञ नसतोच, तिथे एमबीबीएस डॉक्टरनेच सांभाळायचं आणि खाली पाठवायचं. तिने ऑक्सिजन लावला, रुग्णवाहिकेत स्वतः बसली, कल्याणपर्यंत बाळाच्या छातीकडे बघत आली. बाळ वाचलं. "पण मावशी, मी पूर्ण रस्ता फक्त बघत होते. काय करायचं ते मला येत नव्हतं." माझ्याकडे त्यावर बोलायला काही नव्हतं.

मैत्रिणींनो, ज्या मुलीला हे 'येत नाही' टोचतंय, तिला आपण विचारतो, तिथे खाणार काय!

मागच्या आठवड्यात पुन्हा ठाण्याला बसलो. यावेळी मी आधीच आक्काला फोन करून सांगितलं होतं, आज प्रश्न आपण लिहून काढायचे. कुठली पात्रता मिळणार आणि ती इथे चालणार का? जागा मिळेपर्यंतचा खर्च किती आणि कोण देणार, कर्ज असेल तर कुणाच्या नावावर? किती वर्षं प्रयत्न करायचा आणि कुठे थांबायचं? व्हिसाची अट काय? राहायची जागा कशी आहे, रुग्णालयापासून किती लांब, रात्रीच्या पाळीनंतर घरी कशी येणार? आणि तिला स्वतःला काय हवंय? दाजींनी चष्मा लावून वही पानापानाने वाचली. अर्ध्या तासाने म्हणाले, "हे आधी का नाही दाखवलंस?" भाची माझ्याकडे बघून हसली.

सगळे प्रश्न झाल्यावर आक्का, जी दोन्ही वेळा जवळजवळ काहीच बोलली नव्हती, तिने हळूच विचारलं, "तिथे आजारी पडलीस तर तुझ्याजवळ कोण असेल?"

हा प्रश्न आनंदीबाईंच्या सहा प्रश्नांतला पाचवा. तेवढाच एक मला आजही तसाच्या तसा विचारण्याजोगा वाटतो. त्याचं उत्तर भाचीच्या वहीत नव्हतं. विमा होता, खर्च होता, पण जवळ कोण असेल ते नव्हतं. तिने वही मिटली आणि म्हणाली, "आई, हे मी शोधते."

अजून काहीच ठरलेलं नाही. स्टेप वनची तारीख तिने घेतली आहे, नीट पीजीची पुस्तकं पुन्हा टेबलावर आली आहेत. आक्का आणि मी मिळून न्यू जर्सी, लेस्टर, कुठे कुठे आपली माणसं आहेत त्यांची यादी करतोय. तुमच्या घरात अशी लेक, सून, भाची असेल तर तिची वही आधी उघडायला सांगा. पोहे नंतरही करता येतात.

जय जिनेंद्र.